प्रभाकरची कासवं आणि मेजरसाहेबांची तोफ

लकडगंजात राहणाऱ्याच्या घरात दोन गोष्टी झाडून संपत नाहीत. एक आरा मशीनचा भुसा आणि दुसरे शेजारच्यांचे किस्से. भुसा निदान शेगडीत जळतो. किस्से नुसते साचत जातात. माझ्याकडचा सगळ्यात मोठा साठा शेवंताबाई मेश्रामांच्या प्रभाकरचा आहे. त्यांच्या आणि आमच्या घराला भिंत एकच. त्यामुळे मला कान लावावा लागत नाही. लावते ते सवयीने.

त्या उन्हाळ्यात मी गच्चीवर कुरड्या घालत होते. खाली नळावर सुशीला कोणाला तरी सांगत होती, "आयकलं का वं? शेवंताबाईच्या प्रभाकरनं म्हणे फौजेची तोफ बंद पाडली, अन् त्याची नोकरी..."

तेवढ्यात समोरची आरा मशीन सुरू झाली आणि पुढचा शब्द सागवानाबरोबर चिरला गेला. मशीन थांबेपर्यंत सुशीला हंडा घेऊन घरी गेली होती.

आता नोकरी काय? गेली, की पक्की झाली? बाप जन्मभर त्याच आरा मशीनवर ओंडके चढवून थकला, तेव्हा हा पोट्टा साहेब झाला होता. तोही अजून पक्का व्हायचा. भिंतीपलीकडे त्या दिवशी भांड्याचा आवाज झाला नाही. म्हणजे अर्धा शब्द शेवंताबाईंनीही ऐकला होता आणि चूल पेटवली नव्हती.

* * *

प्रभाकर जंगलखात्यात रेंजर झाला तेव्हा गल्लीनं परस्पर ठरवून टाकलं होतं की हा आता रोज वाघ पाहणार. ऑर्डर आली ती कोकणातल्या समुद्राची!

शेवंताबाई म्हणाल्या, "समुद्रात कोणतं जंगल असते गा?"

त्यानं समजावलं की तिथे कासवं येतात, वाळूत खड्डा करून अंडी घालतात आणि परत जातात. पुढे पिल्लं आपली आपण बाहेर येऊन समुद्रात जातात. नवा कायदा असा आहे की अंड्यांना, पिल्लांना कोणी धक्का लावायचा नाही. ते पाहायला माणूस लागतो.

"अन् ते अंडे राखाले सरकार पगार देते?"

"देते ना माय."

शेवंताबाईंनी अंगणातल्या खुराड्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "मंग मी इतके वर्षं फुकटच राखले म्हणायचे."

* * *

खरी गंमत पुढे कळली. ज्या वाळूत कासवं अंडी घालत, त्याच वाळूवर तोफा उभ्या करून फौजेची पोरं समुद्राकडे निशाणा शिकत. जंगलखात्याची ती रेंज आणि फौजेचीही ती रेंजच. किनारा एक, साहेब दोन. तिकडचे साहेब मेजर जोगळेकर, पुण्याकडचे.

एकदा शेवंताबाईंना पोराचा आवाज ऐकावासा वाटला. आरा मशीनच्या शेठजींच्या ऑफिसातून ट्रंक कॉल लावला. एकट्या बाईला कसं पाठवायचं म्हणून मी सोबत गेले. (मला कोणी बोलावलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.) ऑपरेटरनं कोण पाहिजे विचारलं, तर ह्या म्हणाल्या, "रेंजवाल्या साहेबाले द्या." त्यानं दिला तो फौजेचा साहेब.

"जय भीम साहेब, मी प्रभाकरची माय."

पलीकडून करड्या आवाजात आलं, "जय हिंद."

मग मेजरसाहेबांनीच तक्रार केली की मुलगा गुणाचा आहे, पण माझं काही ऐकत नाही. शेवंताबाई म्हणाल्या की साहेब, तो माझंही आयकत नाही, तुमी मनाले लावून घेऊ नका. दोघांचं पोटभर बोलणं झालं. प्रभाकरशी बोलायचं राहूनच गेलं.

घरी येताना मी विचारलं, कसा वाटला माणूस? म्हणाल्या, "चांगला आहे. जय तरी बरोबर म्हटलं."

* * *

ऐकत नाही ही तक्रार झेंड्यांवरून होती. अंड्यांवरून ट्रक जाऊ नयेत म्हणून प्रभाकरनं प्रत्येक घरट्यापाशी काठी रोवून लाल फडकं बांधलं. धोक्याचा रंग लाल, एवढं त्याचं सरळ गणित. पण फौजेत लाल झेंड्याचा अर्थ, गोळीबार चालू आहे, कोणी पुढे यायचं नाही. सकाळी जवान आले, सगळा किनारा लालच लाल पाहून जागच्या जागी थांबले. पुढे जायची कोणाची छाती होईना. मागे ट्रकांची रांग लागली. मेजरसाहेब जीपमधून आले आणि म्हणाले, "मेश्राम, माझ्या तोफांपेक्षा तुमची कासवंच जास्त फायरिंग करताहेत!"

प्रभाकरनं रंग बदलायचं कबूल केलं. सुट्टीवर आला तेव्हा शेवंताबाईंनी आपलं हिरवं लुगडं फाडून फडकी करून दिली. मी म्हटलं, धडकं लुगडं काहून फाडता? तर म्हणाल्या, "बाळंतिणीचं काम आहे वं. जुनेरं कसं देऊ?"

* * *

त्याच सुट्टीत तो मेजरसाहेबांसाठी काटोलच्या संत्र्यांची पेटी घेऊन गेला. संत्री सोलता सोलता दोघांचं बोलणं झालं. मेजर म्हणाले की ही पोरं इथून सीमेवर जाणार, नेम शिकली नाहीत तर मी त्यांच्या आयांना काय सांगू? प्रभाकर म्हणाला, कायदा मी नाही केला साहेब, पण पिल्लं चाकाखाली गेली तर पहिली नोकरी माझी जाते. दोघंही खोटं बोलत नव्हते.

शेवटी तोड निघाली. पिल्लं निघायच्या दिवसांत प्रभाकरनं पहाटे किनारा पाहून चौकीवरून फोन करायचा. पिल्लं निघून समुद्रात गेली असतील, तर तोफा उतरवायच्या. अजून वाळूखालीच राहिली असतील, तरी उतरवायच्या, ट्रक झेंड्यांच्या बाजूनं जातील. पण पिल्लं वाळूवर असताना एक चाक हलायचं नाही.

एवढं सगळं मला प्रभाकरनंच सांगितलेलं. पुढचं मात्र त्या आरा मशीननं खाल्लं होतं.

* * *

मग एका सकाळी प्रभाकर बॅग घेऊन दारात. शेवंताबाईंनी पाणी दिलं, नोकरी सोडून बाकी सगळं विचारलं. मी भिंतीच्या अलीकडे किती वेळ थांबणार? गेले.

"नोकरी आहे ना गा?"

"आहे मावशी. पक्की नाही झाली, पण आहे."

शेवंताबाई चुलीपुढे गेल्या आणि काडी ओढली.

"अन् तोफ?"

"तोफ थांबली होती. पण मी नाही बंद पाडली. मी त खरं तेवढंच सांगितलं."

झालं होतं असं. त्या दिवशी सराव पाहायला दिल्लीहून मोठे साहेब आलेले. तोफा ट्रकांना जोडून तयार, इशारा मिळाला की वाळूवर उतरायच्या. प्रभाकर उजाडताना किनाऱ्यावर गेला तर वाळू हलत होती. घरट्याघरट्यातून पिल्लं बाहेर पडत होती आणि बोटाएवढ्या पंज्यांनी समुद्राकडे सरकत होती. तो धावत चौकीवर आला, फोन फिरवला.

"सर, पिल्लं निघून राहिले."

"निघाली? छान. मग आम्ही उतरतो."

"नाही सर, निघून राहिले."

"राहिली? अजून आतच आहेत? मग तर उतरतोच."

"अहो सर, निघाले नाही, राहिले नाही. निघून राहिले!"

पलीकडे ट्रकांची इंजिनं सुरू झाल्याचं त्याला ऐकू येत होतं. आमच्याकडे 'निघून राहिले' म्हणजे निघणं चालू आहे, पण त्या घाईत त्याला पुण्याकडचा शब्द सुचेना. मोठ्या साहेबांनी काय झालं म्हणून विचारलं असावं, कारण मेजर इंग्रजीत सांगू लागले, "दे हॅव लेफ्ट, सर." मग जरा थांबून, "अँड दे हॅव स्टेड."

त्यावर तिकडे इंजिनं बंद झाली. मोठ्या साहेबांना हे पुन्हा समजावून सांगितलं गेलं, मग आणखी एकदा. शेवटी मेजर फोनवर आले.

"मेश्राम, मला एका शब्दात सांगा. निघाली की राहिली?"

प्रभाकरनं फोनची वायर ताणून खिडकीबाहेर पाहिलं. शेवटचं पिल्लू पाण्याच्या काठाशी होतं. लाटेनं त्याला उलटं केलं, ते पुन्हा सुलटं झालं, आणि दुसऱ्या लाटेबरोबर दिसेनासं झालं.

"आता निघाले, सर."