थोडं अडखळायचं हं

"वाच ना गं. लाजतेस काय एवढी?"

बाईंनी बोट दाखवलं तो बोर्ड लिफ्टच्या शेजारी होता, काचेच्या आत. माझ्या कमरेवर करवंदांची टोपली. खालची फरशी इतकी चकचकीत की माझ्या चपलांची माती मलाच दिसत होती. मागे माझी मुलगी प्रणाली, माठाच्या जुड्यांची पिशवी धरून उभी.

मालाडच्या त्या टॉवरमध्ये मी भाजी देते. बाई तिसऱ्या मजल्यावर राहतात. वयाने माझ्यापेक्षा लहान. मी त्यांना ताई म्हणते, त्या मला तू म्हणतात. त्या दिवशी त्यांनीच मला आत लॉबीत बोलावलं होतं. तिथे आणखी चार-पाच बायका होत्या, त्यांची मुलं होती, वॉचमन होता.

"हिची मुलगी हिला शिकवते, माहितीय? पाचवीचं पुस्तक! सो स्वीट ना?" बाई सगळ्यांना सांगत होत्या. मग मोबाईल वर धरला. "थांब हं, रेकॉर्ड करते. हां, वाच आता."

मी वाचलं.

"घरकाम करणाऱ्या महिला, भाजीवाले व डिलिव्हरीवाले यांनी मागच्या बाजूची लिफ्ट वापरावी. लॉबीत बसू नये. व्यवस्थापन समिती."

शेवटच्या ओळीपाशी छाती धडधडली. व्यवस्थापन. असा शब्द मी आधी कधी तोंडातून काढला नव्हता. पण निघाला. एका दमात निघाला. टाळ्या वाजल्या. एक छोटा मुलगा ओरडला, "आंटी पास!"

आणि मला बरं वाटलं.

हे सांगताना जीभ अडते. पण तसंच झालं. मी पदर तोंडावर धरला आणि हसले. सगळ्यांकडे बघून हसले. शाळेत चौथीत असताना गुरुजींनी एकदा शाबास म्हटलं होतं, तसं वाटलं. मला काय वाचायला लावलं ते मला कळलंच नव्हतं. मी अक्षरं वाचत होते. एकामागून एक, न पडता. अर्थ नंतर आला. गेटबाहेर, रस्ता ओलांडताना आला आणि मी कानांपर्यंत तापले.

प्रणालीला तिथेच कळलं होतं. ती टाळ्या वाजवत नव्हती. माझ्या हसण्याकडे बघत होती.

आम्ही वारली. आमचा पाडा आरेच्या जंगलात. घरामागे थोडी जमीन, तिच्यात पावसाळ्यात भात, ओढ्याच्या कडेला भाजी. उन्हाळ्यात रानातली करवंदं, कैऱ्या, फणस. पाड्याजवळच्या शाळेत चौथीपर्यंतच वर्ग होते. पाचवीला हायवेपलीकडे जावं लागायचं. माझ्याबरोबरच्या मुली गेल्या नाहीत, मीही गेले नाही. कोणी अडवलं असंही नाही. कोणी पाठवलं नाही, एवढंच.

या उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रणालीनेच काढलं. ती सहावी पास झाली. तिची जुनी पुस्तकं पत्र्याच्या पेटीत होती. म्हणाली, "आये, तुझी पाचवी राहिलीय ना? या सुट्टीत करू."

मी म्हटलं, "वेडी का तू? भाजीला पाणी कोण घालणार?"

"सकाळी पाणी. दुपारी शाळा."

तसंच केलं. दुपारी फणसाखाली बसायचं. ती तिच्या सरांसारखी चालायची, हात मागे बांधून. मी घाई केली की म्हणायची, "आये, गाडी सुटणार आहे का तुझी? परत वाच." मी चुकले की ओरडायची नाही. बोट त्या अक्षरावर ठेवून गप्प बसायची. मला सापडेपर्यंत बसायची. कधी मला रडू यायचं. मग ती उठून पाणी आणायची आणि म्हणायची, "आता तू माझी बाई. मला शिकव."

मग मी तिला शिकवायची. भोपळ्याचं बी कुठलं ठेवायचं, भाताची रोपं करायच्या राबावर जाळायला पालापाचोळा किती पसरायचा, असलंच. मला वाटायचं, यात शिकवण्यासारखं काय आहे. ती मात्र ऐकायची.

आणि फिरायचो. सुट्टी आहे तर बघू, असं तिचं चालायचं. हा ओढा कुठे जातो ते बघू म्हणाली. गेलो. पाड्याखालून निघालो, पाण्याच्या कडेकडेने. कारखान्यांच्या मागे, मरोळला पोचेपर्यंत ते पाणी काळं झालं होतं. ती नाक धरून बराच वेळ बघत राहिली. "आये, हे आपलंच पाणी?" मी हो म्हटलं. मग दुसऱ्या दिवशी म्हणाली, आता आपली भाजी कुठे जाते ते बघायचंय. कोण खातं ते बघायचंय.

म्हणून ती माझ्याबरोबर टॉवरला आली. म्हणून तिने बाईंना सांगितलं, छाती फुगवून, "माझी आई पाचवीचं पुस्तक वाचते. मी शिकवते." आणि बाईंनी तोंडावर हात नेला आणि म्हणाल्या, "अय्या!"

त्यापुढचं, लॉबीतलं, सुरुवातीलाच सांगितलं.

तो व्हिडिओ त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेला. नंतर मी गेले की मुलं पळत यायची, बिस्किटाचा कागद घेऊन. "आंटी, ये पढो ना." मी वाचायची. वॉचमन पण म्हणायचा, "काय वाचनवाली, आज कुठला धडा?" मी हसायची. भाजी खपत होती. आधी घ्यायच्या नाहीत अशा बायकाही घेऊ लागल्या. मला उठून जावंसं वाटायचं आणि मी वाचायची. दोन्ही एकदम. असं कसं असतं ते मला सांगता येत नाही.

प्रणाली माझ्याबरोबर यायची बंद झाली. दुपारचं शिकवायची, पण हात मागे बांधून चालायची नाही. पुस्तक पुढ्यात ठेवायची आणि दुसरीकडे बघायची.

मग एक दिवस बाई म्हणाल्या, "रविवारी मुलांच्या समर कॅम्पचा शेवटचा दिवस आहे. थीम आहे, शेतकऱ्याच्या घरची सुट्टी. तुम्ही दोघी या. ती टीचर, तू स्टुडंट. घरी करता तसंच, बाकी काही नाही."

मी हो म्हटलं. मला नाही म्हणता येत नाही. लहानपणापासून येत नाही.

प्रणाली म्हणाली, "मी नाही येणार."

मी म्हटलं, "रोज भाजी घेतात गं त्या. एकदाच चल."

ती आली. शाळेचा शर्ट घालून आली, कारण बाकीचे कपडे चांगले नव्हते.

त्यांचा हॉल खालीच होता. एका कोपऱ्यात गवताच्या पेंढ्या लावल्या होत्या. पुठ्ठ्याची विहीर होती. भिंतीवर आम्ही वारली काढतो तसली चित्रं, पांढरी माणसं हात धरून नाचणारी, कोणीतरी स्टिकरची आणून चिकटवलेली. समोर खुर्च्यांवर आईबाप, मुलं खाली गादीवर. मला पेंढ्यांपाशी बसवलं. हातात पाटी दिली. प्रणालीच्या हातात छडी.

बाई माझ्या कानाशी वाकल्या. अत्तराचा वास आला. "ऐक, थोडं अडखळायचं हं. एकदम फाडफाड नको वाचूस. मुलांना मजा आली पाहिजे. तू चुकलीस की ती छडी उगारेल, मग तू घाबरायचं. प्रणाली बेटा, तू आईवर जोरात ओरडायचं. ओके?"

प्रणालीने छडीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

त्या पोरीचा चेहरा मी अजून विसरले नाही. ती मी काय करते ते बघत होती. मी परत हसते का ते बघत होती.

मी म्हटलं, "ताई, ती मला मारत नाही."

"अगं, नाटक आहे ते."

"ती ओरडत पण नाही."

"हो गं बाई, माहितीय. पण—"

"मी अडखळणार नाही."

आवाज इतका बारीक निघाला की बाई म्हणाल्या, "काय?" मी परत म्हटलं. या वेळी कसा कोण जाणे, मोठा निघाला. "मला वाचता येतं. मी अडखळणार नाही."

खुर्च्यांवरून कोणीतरी हसलं. एकाने टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, नाटक सुरू झालं.

मी उठले. गुडघ्यांना गवत चिकटलं होतं. पाटी खाली ठेवली. प्रणालीच्या हातातली छडी घेतली, तीही खाली ठेवली. म्हटलं, "आम्ही जातो."

बाई माझ्यामागे दारापर्यंत आल्या. चेहरा लाल झाला होता. "सगळे थांबलेत, अगं! एवढं काय झालं? आम्ही तुझं कौतुकच तर करतोय!"

मी चपला घातल्या. आज असतं तर विचारलं असतं. कौतुक होतं तर मला चुकायला का सांगितलं?

रस्त्यावर आलो तेव्हा मला वाटलं, आता प्रणाली माझा हात धरेल. तिने धरला नाही. पुढे चालत राहिली. आरेच्या वळणावर थांबली आणि न वळता म्हणाली, "मग त्या दिवशी का हसलीस?"

 मी तिच्यामागून चालले.

बाईंनी माझ्याकडून भाजी घेणं बंद केलं. मग बाकीच्यांनी. वॉचमन आता गेटवरच अडवतो. तो वाईट नाही. म्हणाला, "ऊपरसे बोला है, क्या करूं." पहिल्या दिवशी भरली टोपली परत आणली तेव्हा घरवाला करवंदांकडे बघून म्हणाला, "वाचलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

मी म्हटलं, "वाचतच होते. चुकायला सांगत होते."

 तो राबाकडे निघून गेला. त्याला कळलं की नाही, माहीत नाही. मी विचारलं नाही. आता मी मालाडच्या बाजारात बसते, स्टेशनच्या बाजूला. तिथे दिवसभर ऊन असतं आणि महापालिकेची गाडी आली की पळावं लागतं.

फणसाखालची शाळा बंद झाली. दोन-तीनदा मी पुस्तक घेऊन बसले. प्रणाली आलीच नाही. शेवटी मी विचारलं तर म्हणाली, "मला वाटतं, तू त्यांच्यासाठीच शिकत होतीस."

 मी नाही म्हणू शकले असते. नाही म्हटलं नाही. कारण थोडं खरं होतं. दुपारी एखादा अवघड शब्द जमला की मला लॉबी आठवायची. उद्या हा शब्द तिथे वाचेन, असं मनात यायचं. माझ्या मुलीने मला जे दिलं ते मी त्या फरशीवर नेऊन ठेवलं. ती शरम कोणी दुसऱ्याने धुवायची नसते.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. ती सातवीत गेली. सकाळी दप्तर घेऊन जाते, संध्याकाळी येते, विचारलं तेवढं बोलते. पाचवीचं पुस्तक अर्धं राहिलंय. मी आता एकटी वाचते. शेतातून आल्यावर, चुलीपाशी. बोट कोणी ठेवत नाही. अडखळते. एका ओळीवर कधी भात शिजेपर्यंत बसते. परवा प्रणाली दारात उभी राहून ऐकत होती. मी एक शब्द चुकवला. तिने सांगितला नाही. मीही विचारला नाही. ती आत निघून गेली आणि मी तो शब्द परत वाचला, आणि परत, बरोबर येईपर्यंत.

तिची समजूत काढायला मी जाणार नाही. आईला तिने टाळ्यांवर हसताना बघितलंय. ते ती विसरणार नाही. तिने विसरूही नये. उद्या तिच्यासमोर कोणी टाळ्या वाजवल्या तर तिला ते आठवायला हवं.

हे पुस्तक मी पुरं करणार. मग सहावीचं काढणार. ती शिकवो, न शिकवो. आणि यापुढे कोणी बोट दाखवून वाच म्हणालं, तर आधी मी मनात वाचणार. पूर्ण. काय लिहिलंय, कोणाबद्दल लिहिलंय, ते समजून घेणार. सगळे उभे राहिले तरी चालेल, त्यांना थांबू दे. मग तोंड उघडायचं की नाही, ते मी ठरवणार.