फोनशी ठरलेला सौदा

“घेशील का न्हाय, ते सांग आधी.”

टोपलीपुढे थबकलेल्या कुठल्याही बाईला मावशी हेच विचारायची. गेल्या वर्षी ती ते फोनलाही विचारायला लागली. फोन कानाला लावणं तिला जमत नसे. पावाचा तुकडा खायला धरावा तसा तो तोंडासमोर आडवा धरून ती दारापासून विहिरीपर्यंत आणि विहिरीपासून दारापर्यंत फेऱ्या मारायची. गुडघे दुखत असले तरी. बसून बोललं की समोरचा ऐकत नाही, असं तिचं म्हणणं.

मला ती नीट सांगता येईल का, माहीत नाही. ती माझी सख्खी मावशी नव्हती. रेवदंड्यात आमच्या घराला लागून तिचं घर, एवढंच नातं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे आळीत कुणाचं फोनवर काही अडलं की हाक मला यायची. तुमच्याही आसपास अशी एखादी बाई असेल, जिला स्वस्थ बसलेलं कुणी पाहिलेलं नाही.

मावशीने आयुष्यभर डोक्यावर टोपली घेऊन चौलपर्यंत मासळी विकली. मग गुडघे गेले आणि डॉक्टरांनी डोक्यावर ओझं घ्यायचं नाही म्हणून बजावलं. नवरा वारून बरीच वर्षं झाली होती. मुलगा नवी मुंबईत उलव्याला फ्लॅटमध्ये राहतो, त्याला नुकतंच बाळ झालं होतं. तो म्हणाला, आई, आता इकडेच ये. ती नाही म्हणाली. बऱ्याच वादानंतर मायलेकांचं ठरलं: दिवाळीपर्यंत तिने घरबसल्या एखादा धंदा उभा केला तर ती इथेच राहील, नाहीतर घराला कुलूप लावून उलव्याला जाईल.

“चवथ्या मजल्यावर मी काय करू?” ती मला म्हणाली. “बोलायचं कोनाशी, कबुतरांशी?”

कॉलेजात उद्योजकतेच्या तासाला सरांनी सांगितलं होतं की ऑनलाइन काही विकायच्या आधी ते खपेल का, हे एआयला विचारून बघा. गिऱ्हाईक कोण, त्याला काय खटकेल, सगळं विचारा. मी मावशीला ते दाखवलं. झालं, तिला रोज नवं काहीतरी सुचायला लागलं. सकाळी मसाला, दुपारी करवंटीचे दिवे, संध्याकाळी खराटे. मी अभ्यासाला बसले की खिडकीत तिचं तोंड.

“बाय, त्याला विचार गं, खराटा मुंबईला जाईल काय?”

तो खराट्यालाही छान म्हणाला. मसाल्याला छान, दिव्यांना फारच छान. मावशीच्या फेऱ्या वाढल्या.

“ह्याच्यावर माझा भरवसा न्हाय,” ती म्हणाली. “छान म्हणणारी बाई पापलेटाचे कल्ले उघडून बघते आन् पुढं जाते. जी नावं ठेवते ना, ती घेते.”

त्याला नावं ठेवायलाही सांगता येतं, असं मी म्हटलं. तिला ते खरं वाटेना. त्या दिवशी तिच्या डोक्यात जवळ्याची, म्हणजे वाळवलेल्या बारीक कोळंबीची, चटणी होती. मग मी टाइप केलं: तू ठाण्यात राहणारी चोखंदळ गृहिणी आहेस, एक कोळीण तुला सुक्या जवळ्याची चटणी विकते आहे, पटल्याशिवाय घेऊ नकोस. आणि बोलायचं बटण दाबून फोन तिच्या हातात दिला; त्याची उत्तरं मी तिच्या मागोमाग चालत वाचून दाखवत होते.

घरात वास सुटेल, फोन म्हणाला. शेजारी तक्रार करतील.

“शेजारी ताट घेऊन येतील. दार लावून खा.”

जवळ्यात वाळू लागते, फोन म्हणाला.

“तो तुझ्या सासूने धुतला असंल. माझ्या हातचा न्हाय तो.”

भाव जास्त वाटतोय, फोन म्हणाला.

“मग बटाटे खा.”

विहिरीवर तिची जाऊ कपडे धूत होती. ती हात पुसत ऐकायला आली आणि हसत हसत दारातच बसली. मावशीचा चेहरा इतका उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. एरवी दर चार वाक्यांनी गुडघ्यावर जाणारा तिचा हात त्या दिवशी हवेतच होता. शेवटी फोन म्हणाला, तुमचं म्हणणं मला पटलं, मी एक बरणी घेऊन बघेन.

“ठरला सौदा,” मावशी म्हणाली.

खाली त्याने आणखीही लिहिलं होतं, की आधी थोडीच चटणी करा, खऱ्या माणसांना चाखायला द्या आणि ती काय म्हणतात ते ऐका. मी ते वाचून दाखवलं. मावशीने हात झटकला. आमच्या बाजारात सौदा ठरल्यावर पुन्हा विचारणं बरं दिसत नाही. गिऱ्हाईक हो म्हणालं की मासळीचा वाटा त्याच्या पिशवीत टाकायचा आणि पुढच्या बाईकडे वळायचं. आळीत चटणी चाखवायलाही ती तयार होईना.

“ह्या बाया जवळा खाऊनच वाढल्या. ह्यांना काय विचारायचं? गिऱ्हाईक हाय ठाण्याचं.”

जाऊ तशीच उठून कपड्यांकडे गेली.

मावशीने घरातला सगळा जवळा काढला, शिवाय बाजारातूनही आणला. अंगणात चूल पेटवून मोठ्या कढईत खोबरं, लसूण, मिरची भाजली. ती कालथा एका हातातून दुसऱ्या हातात घेत होती, मध्येच बरण्या पुसत होती, मध्येच मला फोटो काढायची घाई करत होती. फोटो काढले, ऑनलाइन पेज उघडलं. लोक यायचे, बघायचे. कुणी फोटोखाली लाल बदामाचं चिन्ह ठेवून जायचं.

“कोन काय बोललं?” ती येता-जाता विचारायची.

“कुणी काही बोललं नाही, मावशी.”

“महाग म्हणालं?”

“नाही.”

“वासाचं म्हणालं?”

“नाही. बघितलं आणि गेले.”

हे तिला सोसेना. टोपलीपाशी येऊन तोंडातून शब्द न काढता निघून जाणारं गिऱ्हाईक तिने जन्मात पाहिलं नव्हतं. ती जेवण अर्ध्यावर टाकून उठायची, धक्क्यापर्यंत जाऊन परत यायची. तिच्याकडे बघून माझंही अभ्यासात लक्ष लागेना. एकदा तिने खिडकीतून हात घालून माझा फोन घेतला आणि त्यालाच जाब विचारला. “तू घेणार होतास ना? मग घेशील का न्हाय, ते सांग.”

मी खरा ग्राहक नाही, त्याने लिहिलं, त्या दिवशी मी फक्त भूमिका करत होतो. मी ते शक्य तितकं हळू वाचलं.

मावशी फोनकडे बघत राहिली. “मना तवाच कळायला पायजे होतं,” ती म्हणाली. “इतका भांडला, पन पिशवी पुढं केली न्हाय.”

दिवाळीला मुलगा गाडी घेऊन आला. तो चांगला आहे, आईला टोचून बोलणारा नाही. “हरलीस असं समजू नको, आई,” तो म्हणाला.

“हरले कुठं? भांडण तरी झालं काय?”

निघायच्या दिवशी तिने उरलेल्या बरण्या आळीत वाटल्या. घराला कुलूप लावलं, ओढून बघितलं, पुन्हा येऊन ओढून बघितलं. गाडीत बसली आणि लगेच काच खाली घेतली. जाऊ गाडीपाशीच उभी होती. तिने बरणीचं झाकण काढलं, बोट घातलं, चाटलं.

“खोबरं करपवलंस,” ती म्हणाली.

मावशीने मान बाहेर काढली. “काय?”

“मोठ्या जाळावर भाजलंस. चव बरी हाय, पन काळी झाली. फोटोत तर चुलीतल्या राखेसारखी दिसते. कोन घेईल?”

“आन् हे आता सांगतेस?”

“तू विचारलंस कवा? फोनला विचारत होतीस.”

गाडीचं इंजिन चालूच होतं. मावशीचा हात दाराच्या कडीवर होता आणि मला वाटलं, ती आता उतरणार. मुलालाही तसंच वाटलं असावं. “आई,” तो हळूच म्हणाला, “बाळाला आंघोळ घालायला तू येणार म्हणून घरी सांगितलंय मी.”

गाडी निघाली. मावशी अर्धी बाहेर झुकून जावेला विचारत होती, किती आच, खोबरं किसून का काप करून, आधी जवळा का आधी खोबरं. जाऊ गाडीच्या बाजूने भराभर चालत तिला उत्तरं देत होती. वळणापाशी जाऊ दमून थांबली. मावशीचे ओठ अजून हलत होते, ती काहीतरी विचारतच होती. पण मी उभी होते तिथवर काही ऐकू येत नव्हतं.