शास्त्रापुरता एक घोट

माझ्या घरच्या द्राक्षाच्या वाइनला कुणी दारू म्हटलं की माझं डोकं फिरायचं. "दारू गुत्त्यावर मिळते, हे घरचं आहे," असं मी ठणकावून सांगायची. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यामुळे ठणकावायची सवयच. समोरचं माणूस गप्प बसलं की आपलंच बरोबर, असं वाटायचं.

करायला मी लेकीकडून शिकले. ती नाशिकला असते. रिटायर झाले त्या वर्षी तिच्याकडे महिनाभर राहिले आणि सेनगावला परत येताना ही नवी खोड घेऊन आले. बाजारात हिरवी द्राक्षं स्वस्त झाली की पाटीभर आणायची, धुवायची, हातानं कुस्करायची, रस फडक्यातून पिळून घ्यायचा. सालं रसात ठेवायची नाहीत, म्हणजे रंग पांढुरका राहतो. साखर आणि यीस्ट घालून बरणीत भरायचा, तोंडाला फडकं बांधायचं. एक-दोन दिवसांत बरणी आतून बुडबुडायला लागते. मी येता-जाता कान लावून ऐकायची. नवरा म्हणायचा, "लेकरू निजवलंस का काय आत?"

मे महिन्यात मी आमरसाचं जेवण घालते. त्या वर्षी शाळेतल्या दोन जुन्या मैत्रिणी होत्या, शेजारचं जोडपं होतं, आणि जवळच्या साखरा गावाहून माझा धाकटा भाऊ आला होता. भावजय लेकीला घेऊन माहेरच्या लग्नाला गेली होती, म्हणून तो एकटाच आला.

माझा भाऊ दारुडा होता. आता लपवून काय करायचं? घरातली भांडीसुद्धा त्यानं विकली होती. नांदेडच्या व्यसनमुक्ती केंद्रात त्याला मीच दंडाला धरून नेलं. त्याला पाच वर्षं झाली होती, आणि पाच वर्षांत थेंब नाही. गावात लोक त्याचं उदाहरण द्यायचे आणि मी ऐकून फुगायची.

सगळ्यांना स्टीलच्या ग्लासात वाइन दिली. भावानं ग्लासावर हात ठेवला.

"अक्का, मला नको. सोडलंय न मी."

मला राग आला. खरं तेच सांगते, काळजी नाही वाटली, राग आला. चार माणसांत माझ्या हातचं नको म्हणतो? "अरे, दारू हाय का ही? शास्त्रापुरता एक घोट घे. माझा काही मान हाय का न्हाई?"

"राहू दे की," नवरा म्हणाला, "काहून जबरदस्ती करून राहिलीस?" मी त्यालाही झापलं. एक मैत्रीण हसत म्हणाली, "घ्या की भाऊ, आमी बाया घेऊन राहिलो."

भावानं ग्लास उचलला आणि एका दमात संपवला. बाकी सगळे चाखतमाखत पीत होते, तो औषधासारखा प्याला. मला ते दिसलं होतं. दिसूनही मी म्हटलं, "बघ, मेलास का?" सगळे हसले. तोही हसला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी दुपारी तो दारात हजर. "बाजाराला आलतो, म्हणलं अक्काला भेटून जावं." मला कोण आनंद झाला! एरवी चार फोन केल्याशिवाय न येणारा भाऊ. चहा टाकते म्हटलं तर म्हणाला, "चहा नको. ते द्राक्षाचं उरलंय का?" मी अर्धा ग्लास दिला. पुढच्या बाजारी पुन्हा अर्धा, त्याच्या पुढच्या बाजारी भरून. भावाला माझ्या हातची चव लागली, असं मी नवऱ्याला कौतुकानं सांगायची. अक्कल गहाण ठेवली होती मी, दुसरं काय! जूनमध्ये बाटल्या संपल्या आणि त्याचं येणं बंद झालं. मी म्हटलं, पेरणीच्या गडबडीत असेल.

पोळ्याच्या आधी भावजयीचा फोन आला. रडत होती. "अक्का, ह्यांनी परत सुरू केली. आता रोजच. कुणी पाजली काई कळंना. ज्यानं पाजली त्याचं वाटोळं व्हावं."

तेव्हाच, त्याच वाक्याला सांगायला पाहिजे होतं. मी काय म्हणावं? "अगं बाई, कशी बुद्धी फिरली याची!" वर तिलाच धीर धर म्हणून समजावलं. फोन ठेवल्यावर स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. नवरा ऐकत होता. "सांगून टाक," तो म्हणाला. सांगते म्हटलं, आणि सांगितलं नाही. बरण्या घासून माळ्यावर टाकल्या. भाऊबीजेला भाऊ आला नाही, तरी माझं तोंड उघडलं नाही.

मग एका सकाळी भाचीचा, त्याच्या लेकीचा, फोन आला. बारावीला आहे पोरगी. आवाज नुसता तापलेला.

"आत्या, पप्पा लई खोटं बोलून राहिले. आईनं खोदून विचारलं तर म्हणले, अक्कानं पाजली. मी त्यांना नाही नाही ते बोलले. म्हणलं, मला तोंड दाखवू नका. आत्या असं करणारच न्हाई. बराबर हाय न?"

नुसतं हो म्हणायचं होतं. पोरगी माझ्यासाठी बापाशी भांडली होती. मी खाली बसले.

"न्हाई बाळा. तुझा बाप खरं बोलून राहिला. मीच पाजली."

तिनं विचारलं, "पप्पा नको म्हणले न्हाईत का?"

"म्हणला होता. सगळ्यांच्या समोर म्हणला होता."

तिनं फोन बंद केला नाही, तसाच कुठेतरी ठेवून दिला. दार वाजलं. आणि मग लांबून तिचं रडणं ऐकू आलं. "पप्पा, माझं चुकलं," ती म्हणत होती. "पप्पा, माझं चुकलं हो."