खुनी काढलेलं चित्र

शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात, बाहेरच्या खोलीत, टीव्हीच्या वर एक चित्र होतं. शाळा सोडताना इतिहासाच्या सरांनी ते मला दिलं होतं. कुठल्याशा जुन्या इंग्रजी पुस्तकातून सुटलेलं पान, धातूच्या पत्र्यावर रेषा कोरून छापलेलं. परदेशातला एक राजा उघड्या बग्गीत आहे, घोडे उधळलेत, आणि उजवीकडच्या गर्दीतून एका माणसाने त्याच्यावर पिस्तूल झाडलंय. नेम चुकलाय. सगळे राजाकडे पाहतायत. अगदी कडेला टोपली घेतलेली एक मुलगी तेवढी त्या माणसाकडे पाहते. तिला आधीच कळलं असावं आणि तिने कुणाला सांगितलं नसावं, असं मला वाटायचं. मी कमी बोलते. घरात मी जेवढा वेळ गप्प बसले, त्यातला बराचसा त्या मुलीकडे बघण्यात गेला.

बाकी कुणी ते चित्र नीट पाहिलंच नव्हतं. माळशिरसचे पाहुणे मला बघायला आले, त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं.

पोहे झाल्यावर मुलाची आत्या म्हणाली, "पोरगी इंग्लिश मीडियमची म्हणत्यात. पर तोंडच उघडंना की."

पप्पा घाईने हसले. "लाजते हो. बाळ, त्या चित्राखाली काय लिहिलंय, वाच बरं."

मी उठून वाचलं. एकदाही अडखळले नाही. आत्या खूश झाल्या.

"आता मराठीत सांग की. आमाला काय कळतंय त्यातलं?"

"राजाला मारायला आलेला माणूस आहे," मी म्हणाले. "पण नेम चुकला."

मुलाने मोबाईलमधून मान वर केली. आत्या त्याला म्हणाल्या, "जपून ऱ्हा रं बाबा." सगळे हसले. मग त्या मम्मीकडे वळल्या. "ताई, लगीन निघालेल्या घरात असलं खुनाचं चित्र कशाला? बरं न्हाय दिसत."

संध्याकाळी फोन आला, मुलगी पसंत आहे. मला मुलगा कसा वाटला हे पप्पांनी विचारलं नाही, पेढे आणायला गेले.

दुसऱ्या दिवशी कामावरून आले तर भिंत रिकामी. "काकांनी फ्रेम बदलायला नेलंय," मम्मी म्हणाली. "काच तडकली होती की." काच तडकलेली नव्हती. फार तर माळ्यावर टाकतील, लग्नानंतर मागून घेऊ, असा माझा हिशोब होता.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी काका सोनेरी फ्रेम घेऊन आले. "बघ. खुनी तेवढा काढला. राजा ठेवलाय."

उजवी बाजू सरळ कापली होती. गर्दी नाही, पिस्तूल नाही, टोपलीवाली मुलगी नाही. खालची ओळ राजाच्या नावावर संपत होती.

"कापलेला भाग कुठाय?"

"तो कशाला आता? तसंही तयार फ्रेमच्या मापात पूर्ण बसतच नव्हतं."

मी फ्रेमवाल्याकडे गेले. तो सभ्य माणूस होता. "ताई, तुकडे आम्ही कचऱ्यातच टाकतो. ठेवायचा होता होय? काका तर म्हणाले, तिकडची माणसं नकोत."

रात्रीच्या जेवणावर मी पप्पांना म्हणाले, "ते माझं होतं."

"अगं, तुझ्यासाठीच तर केलं," ते म्हणाले, आणि आमटी वाढायला सांगितली. ते खरंच बोलत होते. त्यामुळे भांडायलाही जागा उरली नाही.

साखरपुड्याला आत्यांनी आल्याआल्या वर पाहिलं. "आता कसं! राजा हात वर करून आशीर्वाद देतोय की पोरांना." राजाने हात वर केला होता तो तोंड वाचवायला. पण आता समोर कुणी मारणारा नव्हता, तेव्हा त्या म्हणतात तेच खरं दिसत होतं. या वेळी मला कुणी वाचायला सांगितलं नाही.

लग्नाच्या सामानात मम्मीने ते चित्र माझ्या साड्यांमध्ये गुंडाळून ठेवलं. मी ते बाहेर काढलं आणि परत खिळ्याला लावलं.

"आमच्यासाठी ठेवतीस होय गं?" मम्मीने विचारलं, आणि डोळ्याला पदर लावला.

मी हो म्हणाले.