येळवसचे चार घास

बसवकल्याणला उतरले आणि कन्नड पाट्यांपुढे याही वेळी अडलेच. "कुठं जायलाव, अक्का?" एका आजोबांनी विचारलं आणि स्वतःच मला मुडबीच्या बसमध्ये नेऊन बसवलं.

निमित्त होतं येळवसचं (वेळ अमावास्या). सगळं गाव त्या दिवशी रानात जेवतं. माझी मावसबहीण शांताक्का मुडबीला दिलेली. याआधी मी दोनदा या सणाला गेले होते, पण अक्का काही रानात दिसली नव्हती. गाईंना वैरण-पाणी कोण बघणार, म्हणून ती घरीच. यंदा तिच्या मुलाचा, महेशचा, फोन आला : "मावशी, या वर्सी आई बी येणार हाय. मशीन बसिवलोय."

गोठ्यात शिरले आणि बघतच राहिले. छताखाली मोठी टाकी, तिच्यातून प्रत्येक गाईपुढे उतरणारी नळी. महेशनं मोबाइलवर बटन दाबलं, घरघर झाली आणि प्रत्येक गव्हाणीत एकेक माप भरडा (भरडलेलं धान्य) धाडकन पडला. मी दचकून मागे सरले. गाईंनी कानसुद्धा हलवला नाही.

"बटन समद्यांच्या फोनात हाय," अक्काचे यजमान अण्णा कौतुकानं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रानात कडब्याच्या कोपीत (खोपटात) पूजा झाली. भज्जी (डाळी-भाज्यांचं दाट कालवण), बाजरीचे उंडे (वाफवलेले गोळे), मडक्यातलं गार आंबील. इरकल नेसलेली अक्का आपल्याच रानात पाहुणीसारखी हिंडत होती. "ही चिंच केवढी झालीय गं!" म्हणून खोडावरून हात फिरवत होती.

येळवसला घरातल्या प्रत्येकानं जनावराला एक घास द्यायचा आणि मगच जेवायचं, अशी या घराची रीत. गाई तर घरी. अक्का कोपीमागं गेली, फोनवर बोट टेकवून आली. "दिले बाई घास," हळूच मला म्हणाली. मला फार गोड वाटलं ते.

दिवस कलताना परतलो आणि गोठ्याच्या दारातच थबकलो. गव्हाणींत भरडा उरला होता, गाई माना टाकून उभ्या होत्या. गाभण गौरी आडवी पडली होती. डावी कूस टम्म फुगलेली, तोंडाला फेस.

"मशीन बिघडलं!" महेश ओरडला.

"मी तर एकच घास दिलो," अण्णा म्हणाले.

"म्या बी एकच दिले," सून सविता पुटपुटली.

अक्कानं हातातल्या फोनकडे पाहिलं. महेशचा चेहरा पांढराफटक पडला, कारण त्यानंही दिला होता. हातानं भरवला असता तर घास मूठभर झाला असता. इथे प्रत्येक घासाला प्रत्येक गाईपुढे अख्खं माप पडलं होतं; चार घासांची चार मापं, आणि एवढ्या धान्यानं जनावराचं पोट फुगतं. देवाधर्माचं केलेलं बोलून काय दाखवायचं, म्हणून घरातल्यांनी एकमेकांना सांगितलं नव्हतं.

जनावरांचे डॉक्टरही रानातच होते. अण्णांनी त्यांना तिथून उचलून आणलं. त्यांच्या मिशीला आंबील तसंच होतं. त्यांनी नळी घालून गौरीला औषध पाजलं. "रवंथ केला तर वाचली म्हणायची," एवढंच बोलले. अक्का गौरीशेजारी मातीत बसली. पाणीसुद्धा घेईना.

उजाडलं तेव्हा गौरीचा जबडा हळूहळू हलायला लागला. अक्का हमसून रडली.

महेश पाना घेऊन आला. "काढूनच टाकतो हे!"

"हात लावू नको त्याला!" अक्काचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "लगीन होऊन आले तवापसनं येळवस म्या या गोठ्यात काढले. तुमी समदे रानात, म्या हितं एकली. तू कामून येत न्हाईस म्हणून एकानं तरी इचारलाव का?"

महेशच्या हातातला पाना तसाच राहिला. अण्णा खाली मान घालून गौरीच्या शिंगांवरून हात फिरवत बसले.

मी निघाले तेव्हा बटन फक्त अक्काच्या फोनात उरलं होतं. ती बसपर्यंत सोडायला आली. "पुढल्या येळवसला घरी नको येऊ. सरळ रानात ये, म्या तिथंच असते."

पुण्यात आल्यावर सगळ्यांना गौरीची गोष्ट सांगितली. ऐकणारे हादरलेच. अक्काचा तो प्रश्न मात्र मला कुणाला सांगता आला नाही. आधीच्या दोन येळवसांचं आंबील मीही काही न विचारता पोटभर प्याले होते.