टेपला हात न लावता

गेल्या शनिवारी सकाळी बेळगावच्या खासबागेत दुकानाचं शटर वर करतोय, तर समोर एक जुनी पांढरी गाडी आधीच येऊन थांबलेली. आत चाळिशीच्या एक बाई, दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून बसलेल्या... गाडी बंद होती तरी.

नव्या मित्रांसाठी सांगतो, माझं कार ऑडिओचं दुकान आहे. स्पीकर, बेसचे बॉक्स, लाइटिंग असलं सगळं. माझ्या वायरिंगमध्ये चूक निघत नाही असं मी गावभर सांगत फिरतो. आता जरा कमी सांगेन.

बाईंनी पर्समधून एक पाकीट काढून माझ्या हातात दिलं. आत ग्लो वायर होती... शेवईपेक्षा थोडी जाड, करंट मिळाला की अख्खी निळी उजळते ती. पाकीट अजून फोडलेलंही नव्हतं.

"माझ्या भावानं आणलती ओ, विनूनं," त्या म्हणाल्या. "डिकीतल्या बॉक्सला लावणार होता. ऱ्हाऊनच गेलं."

विनू उन्हाळ्यात गेला. काविळीचं निमित्त झालं आणि पंधरा दिवसांत सगळं संपलं. गाडी त्याचीच. बाई इथंच एका शाळेत क्लार्क आहेत, आणि आता दर रविवारी हीच गाडी घेऊन कोगनोळीजवळच्या गावी आईकडे जातात. गाडी चालवायलाही त्यानंच शिकवलेलं.

डिकी उघडली. प्लायवूडचा बॉक्स, त्यावर काळं कार्पेट. सुट्टीच्या दिवशी घरी बसून केलेलं काम ते, कोपरे जरा फाकलेलेच. एरवी मी नक्की हसलो असतो... पण बॉक्सच्या कडेकडेनं खडूची एक रेघ मारलेली होती, वायर कुठून कुठं न्यायची त्याची. एका कोपऱ्यात पुसून परत मारलेली. म्हणजे विचार करून मारलेली.

म्हटलं, मॅडम, त्याच्याच रेघेवरून लावतो.

"लावा. फक्त टेपला तेवढा हात लावू नकासा, अण्णा."

आमच्याकडे कॅसेट जाऊन जमाना झाला, तरी गाडीतल्या स्टिरिओला सगळे टेपच म्हणतात. मी म्हटलं, टेपशी माझं कामच नाही, निर्धास्त राहा. त्या बाहेर बाकड्यावर जाऊन बसल्या.

वायरिंगला हात घालण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढायचं, हे मला माझ्या उस्तादांनी टपली मारून शिकवलंय. बावीस वर्षांत एकदाही विसरलो नाही. त्या दिवशीही विसरलो नाही.

दोन तास मन लावून काम केलं. वायरला करंट देणारी छोटी डबी बॉक्सच्या मागं, स्पीकरच्या वायरींपासून लांब बसवली, नाहीतर गाण्यात किर्र आवाज येतो. वायर रेघेवरून तसूभरही हलू दिली नाही. टर्मिनल परत लावलं, अंधार व्हावा म्हणून शटर अर्धं खाली ओढलं आणि बाईंना बोलावलं.

बॉक्सभोवती निळी कड उजळली. त्यांनी त्या फाकलेल्या कोपऱ्यावरून हळूच बोट फिरवलं. "असंच दिसणार म्हणाला होता बघा..." एवढंच बोलल्या. डोळ्यांत पाणी होतं, पण हसत होत्या. खरं सांगतो, मी मनातून फुशारलो होतो.

मग त्या पुढं जाऊन बसल्या, किल्ली फिरवली. टेपच्या स्क्रीनवर 'वेलकम' आलं. त्यांनी किल्ली काढली, परत घातली. परत 'वेलकम'. तिसऱ्यांदा घातली आणि स्क्रीनवर बोट ठेवून त्या माझ्याकडे वळल्या.

"इथं 'बर्री आक्का' येत होतं..."

बर्री म्हणजे कन्नडमध्ये 'या'. आपल्यापेक्षा मोठ्यांना मान देऊन म्हणतात तसं. घरात हा पठ्ठ्या सख्ख्या बहिणीला अगंतुगं करणार, आक्के म्हणून हाक मारणार, आणि ती ऑफिसात नोकरीला लागली तेव्हा चिडवायला त्यानं टेपमध्ये हे घालून ठेवलेलं. किल्ली फिरवली की दर वेळी तेवढा मान. तो गेल्यावरही... दर वेळी.

टेपला मी खरंच हात लावला नव्हता. पण टर्मिनल काढलं की असल्या जुन्या टेपची मेमरी जाते, हे मला बावीस वर्षं माहीत आहे. माझ्या लेखी मेमरी म्हणजे घड्याळ, रेडिओची स्टेशनं. परत लावून दिली की झालं.

घाईघाईत म्हटलं, दोन मिनिटांचं काम आहे, मी आत्ता टाइप करून देतो.

"नको ओ. तुम्ही टाइप केल्यावर तुम्ही बोलवल्यागत होतंय न्हवं? त्यानं बोलवलेलं कुठलं ते..." मग त्याच मला म्हणाल्या, "तुमची चूक न्हाय. मीच नीट सांगितलं न्हाय."

चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "सावकाश जावा आक्का" असं तोंडावर आलं होतं, पण तो शब्द उच्चारायची हिंमत झाली नाही. त्या गेल्या तेव्हा स्क्रीनवर घड्याळ बारा वाजून शून्य मिनिटं दाखवत लुकलुकत होतं. तेही लावून द्यायचं मला सुचलं नाही.

आता कुठलीही गाडी आली की आधी पुढं बसतो, किल्ली फिरवतो, स्क्रीनवर काय येतं ते वाचतो आणि मालकाला विचारतो, हे राहू दे ना? लोक हसतात. हसू देत.

मॅडम, कुणी ही पोस्ट तुमच्यापर्यंत पोचवली तर एक सांगायचं राहिलंय. काम झाल्यावर खडू ब्रशनं झाडून टाकायचा असतो, पण त्या दिवशी माझा हात धजला नाही. वायरीखाली विनूची रेघ अजून तशीच आहे... वायर कधी काढलीच, तर ती पुसू देऊ नका.