मागावरचं बोलणं

कॅप्टन श्रीधर पराते यांनी काय केलं, ते आमच्या महाल भागातल्या गल्लीत सगळ्यांना पाठ होतं. एकाहत्तरच्या लढाईत ते पुढच्या टेकडीवर होते. गोळे कुठे टाकायचे, ते तिथून वायरलेसवर मागच्या तोफांना सांगायचं, हे त्यांचं काम. शेजारीच गोळा फुटला आणि दोन्ही कान गेले. आपलं बोलणं पलीकडे पोचतंय की नाही, हेही कळेना. तरी ते हलले नाहीत. आकडे सांगायचे, गोळा कुठे पडतो ते डोळ्यांनी बघायचं, पुन्हा आकडे. सूर्य मावळेपर्यंत. हल्ला तिथंच अडला.

पदक मिळालं, पेन्शन मिळाली. घरी परत आले ते मोठ्यानं बोलणारे श्रीधर.

त्यांच्या बायकोला, चंद्रकलेला, हळू बोलणारे श्रीधर हवे होते. लग्नानंतरच्या दोन सुट्ट्यांत ते जे काही बोलले होते, ते तिच्या कानाशी. आता "भात वाढू का?" हेही ओरडून विचारावं लागे, तेव्हा कुठं थोडं ऐकू जाई. मग समोरच्या कौसल्याबाई ओट्यावरून म्हणत, "वाढ वं, भाऊले भूक लागली असन!" पाटीवर लिहिलं तर श्रीधर चिडत. "मी काय पहिलीतला पोरगा आहो?" जे ओरडून सांगण्यासारखं नव्हतं, ते तीन वर्षं तिच्यापाशीच राहिलं.

एका दुपारी कपडे वाळत घालून ती आत आली. सासूबाई भागीरथा हातमागावर लुगडं विणत होत्या, समोर श्रीधर, आणि दोघं खुदुखुदु हसत होते. धोट्याच्या खटखटीत सासूबाईंचे नुसते ओठ हलत होते.

"हे काय, आई?"

"मागावरचं बोलणं. आवाज नाही, नुसते ओठ नीट हलवाचे. पहिले चार माग चालत घरात, कोण कोणाचं ऐकन? याले लहानपणापासून समजते."

"मले काहून नाही सांगितलं?"

"तू कधी बसली वं इथं? तुयं तं डोकं दुखे."

खरंच होतं. प्रताप नगरात, माग नसलेल्या कारकुनाच्या घरी वाढलेली चंद्रकला मागाच्या खोलीत पाय ठेवत नसे. दुसऱ्या दिवसापासून ती तिथं धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरायला बसू लागली. सासूबाई ओठ हलवत, तिनं चुकीचं उत्तर दिलं की कपाळाला हात लावत.

दिवाळी झाल्यावर एका संध्याकाळी श्रीधर ओसरीत पेपर वाचत होते. ती समोर बसली. आवाज न काढता म्हणाली, "मले तुमची लय आठवण येते."

"मी तं इथंच आहो वं!" श्रीधर गरजले.

"आम्हाले दिसून राहिलं, भाऊ!" समोरून कौसल्याबाई.

चंद्रकला हसली नाही, उठलीही नाही. श्रीधर तिच्याकडे बघत राहिले. मग पेपर बाजूला ठेवून त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि या वेळी फक्त ओठ हलवले.

"मलेही येते. तुया आवाजाची."

तिला सगळं समजलं, एक शब्द सुटला नाही. तरी जुन्या सवयीनं तिनं आपला कान त्यांच्या ओठांपाशी नेला, आणि तसाच ठेवला.